न उघडणारी सीडी आणि कोडेकची किल्ली

खरवईतील एक घर डोळ्यांसमोर आणा. बदलापूर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून माणसे परतली आहेत, कुकरच्या शिट्ट्या सुरू आहेत आणि टेबलावर रुग्णालयातून आणलेली एक सीडी आहे. घरातल्या साठीच्या गृहस्थांची अँजिओग्राफी झाली आहे. डॉक्टरांनी बायपासचा सल्ला दिला आहे. घरच्यांना मुंबईतल्या आणखी एका हृदयरोगतज्ज्ञांचे मत हवे आहे. उद्या सकाळची लोकल पकडायची आहे. त्याआधी सीडी चालते का ते पाहावे, म्हणून पुतण्या ती लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घालतो. पडद्यावर सूचना येते : ही फाइल चालवता येत नाही.

‘‘काका, सीडी खराब निघाली बहुतेक.’’

‘‘अरे, असं कसं? आता परत करायला सांगतात की काय?’’

काकांची धास्ती अनाठायी नाही. अँजिओग्राफी पुन्हा करायची म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून पुन्हा नळी घालायची, आयोडीनयुक्त द्रव्याचा भार पुन्हा मूत्रपिंडांवर टाकायचा, क्ष-किरणांचा आणखी एक डोस घ्यायचा, खर्च वेगळाच. इतक्यात शेजारचा मुलगा तोडगा सुचवतो : ‘‘कोडेक नसेल. नेटवर शोध आणि पहिलं येईल ते टाकून दे.’’

या एका प्रसंगात दोन समजुती आहेत. फाइल उघडली नाही म्हणजे ती बिघडली, ही पहिली. आणि कोडेक कुठूनही घेतला तरी चालतो, ही दुसरी. पहिली बहुतेक वेळा चुकीची ठरते, दुसरी धोक्याची. फाइल न उघडण्यामागे नेमके काय असते आणि ती सुरक्षितपणे कशी उघडायची, हे एकदा समजून घेतले की पुष्कळ धावपळ वाचते.

एका सेकंदाला १५५ मेगाबाइट

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे. मोबाइलवर सर्रास दिसणाऱ्या ‘फुल एचडी’ चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६.२ मेगाबाइटचे होते. सेकंदाला २५ चित्रे धरली की एका सेकंदाला १५५ मेगाबाइट आणि एका मिनिटाला नऊ गिगाबाइटपेक्षा जास्त. आठ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्ये एक मिनिटही मावणार नाही. प्रत्यक्षात मात्र त्याच पेनड्राइव्हमध्ये दोन तासांचा चित्रपट सहज बसतो. हे काम कोडेक करतो.

‘कोडेक’ हे नाव ‘कोडर’ आणि ‘डिकोडर’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून झाले आहे. व्हिडिओ साठवताना तो ठरावीक गणिती रीतीने दाबून लहान करायचा आणि पाहताना त्याच रीतीने पुन्हा उलगडायचा. ज्या रीतीने दाबला ती रीत पाहणाऱ्या संगणकाला ठाऊक नसेल, तर समोर आकड्यांचा ढीग असूनही चित्र तयार होत नाही. फाइल शाबूत असते, वाचणारा नसतो. मोडी लिपीतला दस्तऐवज हातात असूनही मोडी वाचता येत नसेल तर जे होते, तेच.

डबा वेगळा, जिन्नस वेगळा

इथे एक घोटाळा नेहमी होतो. फाइलच्या नावाच्या शेवटी असलेली ‘एमपी४’, ‘एव्हीआय’, ‘एमकेव्ही’ ही अक्षरे कोडेकची नावे नाहीत. ती डब्यांची नावे आहेत. डब्यात चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा दुसरा, कधी उपशीर्षकांचा तिसरा. स्टीलचा डबा बाहेरून सारखाच दिसतो. आत भाजी आहे की आमटी, हे झाकण काढल्यावर कळते. ‘एमपी४’ नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, ती याच कारणाने. पहिलीत जुना, सर्वत्र रुळलेला एच.२६४ कोडेक असतो; दुसरीत नवा एच.२६५ असतो. नाव बदलून ‘एव्हीआय’चे ‘एमपी४’ केले तर डब्यावरची चिठ्ठी बदलते, आतला जिन्नस तोच राहतो.

दाबण्याचे गणित

व्हिडिओ लहान करण्याच्या दोन मुख्य युक्त्या आहेत. पहिली युक्ती एकाच चित्रापुरती. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन हा ठळक आणि बारीक नक्षींचे मिश्रण आहे असे मानून ते प्रमाण आकड्यांत लिहायचे. निरभ्र आकाशाच्या तुकड्याचे काम एक-दोन आकड्यांत भागते. पैठणीच्या काठाला जास्त आकडे लागतात. अतिबारीक नक्षीतला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून ते आकडे ढोबळ करता येतात किंवा सोडून देता येतात.

या गणिताला ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. त्याची कल्पना मांडणारे नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बेंगळुरूत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना त्यांनी या कामासाठी १९७२ मध्ये निधी मागितला, तो नाकारला गेला. कल्पना फारच सोपी आहे असे एका परीक्षकाचे मत पडले. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज मोबाइलमधले जेपीईजी छायाचित्र, डीव्हीडी आणि एच.२६४ चा व्हिडिओ या सगळ्यांच्या मुळाशी हेच गणित किंवा त्याचे सुधारित रूप आहे.

दुसरी युक्ती लागोपाठच्या चित्रांमधली. बदलापूर स्थानकाच्या फलाटावरून येणाऱ्या लोकलचा व्हिडिओ काढला, तर छप्पर, खांब आणि इंडिकेटर जागच्या जागी असतात. हलते ती गाडी आणि तिच्याकडे सरकणारी गर्दी. मग प्रत्येक वेळी सगळे चित्र का साठवायचे? एक चित्र पूर्ण ठेवायचे आणि पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढेच लिहायचे. थोड्या वेळाने पुन्हा एक पूर्ण चित्र. मधला एखादा तुकडा खराब झाला की पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर रंग फासल्यासारखे दिसतात, ते यामुळे.

घरातल्या फाइलींची वये

एकाच घराच्या कपाटात कोडेकच्या चार पिढ्या नांदत असतात. व्हीसीडीवरचे लग्न एमपीईजी-१ या १९९० च्या दशकारंभीच्या कोडेकमध्ये असते. चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, आणि एका सीडीत ७४ मिनिटे मावत असल्यामुळे लग्नाच्या दोन-तीन सीडी. डीव्हीडीवरचे बारसे एमपीईजी-२ मध्ये. त्यानंतरच्या काळातल्या एव्हीआय फाइलींत डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड. बटणांच्या मोबाइलवर काढलेल्या ‘३जीपी’ फाइलींत एच.२६३ चे चित्र आणि एएमआरचा आवाज. २००३ मध्ये एच.२६४ आला आणि बहुतेक सगळीकडे पसरला. २०१३ मध्ये आलेला एच.२६५ तेवढ्याच दर्जाचा व्हिडिओ आणखी कमी जागेत बसवतो. आजचे अनेक मोबाइल तो वापरतात. २०१८ मध्ये एव्ही१ हा कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा कोडेक आला.

मग संगणकात हे सगळे आधीच का नसतात? कारण मुख्यतः पैशाचे. अनेक कोडेकवर पेटंट असते आणि ते वापरणाऱ्या उत्पादकाला शुल्क भरावे लागते. म्हणून विंडोजमध्ये एच.२६५ साठी वेगळे विस्तार-सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते आणि लिनक्सच्या काही आवृत्त्या पेटंट असलेले कोडेक मूळ संचात देत नाहीत. एमपी३ सारख्या घरोघरी पोहोचलेल्या ध्वनीप्रकाराचा परवाना-कार्यक्रमही २०१७ मध्येच संपला.

याला खुला पर्याय निवडल्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे धडे तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण केले. हे धडे ‘ओजीव्ही’ या डब्यात, थिओरा या खुल्या कोडेकमध्ये दिले गेले. कोडेक खुला, धडे मोफत. पण विंडोजच्या नेहमीच्या प्लेअरला थिओरा वाचता येत नसे. अशा वेळी विद्यार्थ्याला मुक्तस्रोत प्लेअर बसवून घ्यावा लागे.

किल्ल्यांचा जुडगा सोबत आणणारा प्लेअर

लिनक्सवरच्या जुन्या प्लेअरांसाठी विंडोजचे कोडेक वेगळे उतरवून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवावे लागत. एक फाइल कमी पडली की चित्र येई, आवाज नसे. ही कटकट संपवण्यात दोन मुक्तस्रोत प्रकल्पांचा मोठा वाटा आहे. पहिला एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात शेकडो जुन्या-नव्या प्रकारांचे डिकोडर एकत्र आहेत. दुसरा व्हीएलसी. पॅरिसजवळच्या ‘एकोल सांत्राल’ या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवे होते. त्यासाठी नेटवर्कवरून दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रकल्प त्यांनी १९९६ मध्ये हाती घेतला. १ फेब्रुवारी २००१ रोजी तो मुक्त परवान्याखाली खुला झाला. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो चालवते. जानेवारी २०२५ मध्ये व्हीएलसीच्या डाउनलोडचा आकडा सहा अब्जांवर गेला.

व्हीएलसी संगणकातल्या कोडेकवर अवलंबून राहत नाही. एफएफएमपेगचे डिकोडर तो स्वतःबरोबरच आणतो. त्यामुळे तो बसवला की वेगळा कोडेक बसवण्याचे काम बहुतेक वेळा उरत नाही. एमपीव्ही हा साधा, हलका प्लेअरही याच घराण्यातला.

संकेतस्थळ बंद होते ते नऊ महिने

फेब्रुवारी २०२२ पासून भारतातल्या अनेकांना व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळ उघडेनासे झाले. बंदीची जाहीर कारणे देण्यात आली नव्हती. त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, सिमँटेक या संगणक-सुरक्षा कंपनीचा एक अहवाल आला : ‘सिकाडा’ नावाची हॅकरांची टोळी आधीच शिरकाव केलेल्या संगणकांवर व्हीएलसीच्या आडून घातक सॉफ्टवेअर चालवत होती. दोष व्हीएलसीच्या मूळ प्रतीत नव्हता. चोराने पोस्टमनचा गणवेश चढवावा, तसा हा प्रकार. पण दोन बातम्या एकत्र वाचून अनेकांचा समज झाला की प्लेअरच घातक आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारच्या संबंधित विभागांना कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या नऊ महिन्यांचा धडा आरोग्याच्या भाषेत सांगता येतो. अधिकृत दुकानात औषध मिळाले नाही, म्हणून रस्त्यावरच्या टोपलीतून गोळ्या घेतल्या तर काय होईल? संकेतस्थळ बंद असताना कुठल्याही अनोळखी जागेवरून ‘व्हीएलसी’ उतरवून घेणे तितकेच जोखमीचे होते. मोबाइलच्या अधिकृत अॅप-दुकानात मात्र तो त्या काळातही मिळत होता.

कोडेकच्या नावाखाली

बनावट कोडेक ही जुनी युक्ती आहे. २००५ च्या अखेरीस ‘झ्लॉब’ नावाचा ट्रोजन पसरू लागला. व्हिडिओवर क्लिक केले की ‘हा पाहण्यासाठी कोडेक बसवा’ अशी खिडकी उघडे. माणूस ‘हो’ म्हणे आणि कोडेकऐवजी घातक सॉफ्टवेअर घरात येई. त्याच्याच जातकुळीतला ‘डीएनएस-चेंजर’ संगणकाचा इंटरनेटवरचा पत्ता शोधण्याचा मार्गच बदलून टाकी. बँकेचे नाव टाइप केले तरी कुठे न्यायचे हे भामटे ठरवू शकत. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियातल्या टोळीवर कारवाई केली, तेव्हा सुमारे १०० देशांतील ४० लाखांहून अधिक संगणक बाधित असल्याचे समोर आले.

म्हणून एक नियम पक्का ठेवावा : व्हिडिओ दाखवणारे पानच कोडेक मागू लागले, तर ते पान बंद करायचे. कोडेकची गरज आहे की नाही, हे आपल्या प्लेअरने सांगायचे असते, अनोळखी पानाने नव्हे.

बसवण्याची रीत

१. विंडोज किंवा मॅक असेल तर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हे नाव स्वतः टाइप करून तिथूनच प्लेअर घ्यावा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नये. व्हीएलसी विनामूल्य आहे आणि त्यात जाहिराती नसतात. कोणी पैसे मागितले किंवा सोबत आणखी एखादे सॉफ्टवेअर गळ्यात मारले, तर ती प्रत नकली समजावी.

२. उबुंटूच्या अधिकृत सॉफ्टवेअर-भांडारातून व्हीएलसी बसवता येतो. संगणकातल्या इतर प्लेअरांनाही कोडेक हवे असतील तर ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचे पॅकेज घ्यावे. फेडोरात पेटंट असलेल्या कोडेकसाठी ‘आरपीएम फ्यूजन’ हे पूरक भांडार आधी जोडावे लागते.

३. अँड्रॉइड किंवा आयफोनवर अधिकृत अॅप-दुकानातूनच घ्यावा.

४. जुना प्लेअर असेल तर आधी तो अद्ययावत करावा. ‘कोडेक नाही’ ही तक्रार अनेकदा प्लेअर जुना असल्याने येते. शिवाय अद्ययावत आवृत्तीत सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त केलेल्या असतात.

५. जास्तीचे ‘कोडेक पॅक’ टाकू नयेत. दोन पॅक एकमेकांच्या वाटेत आले की आधी चालणाऱ्या फाइलीही अडखळू लागतात.

तरीही अडले तर

डॉक्टर लक्षणांवरून आजार ओळखतात, तसे इथेही करता येते. आवाज येतो पण पडदा काळा, तर चित्राचा कोडेक मिळालेला नाही. चित्र येते पण आवाज नाही, तर आवाजाचा कोडेक पाहावा. व्हीएलसीच्या ‘टूल्स’ मेन्यूत ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडले की डब्यात नेमका कोणता जिन्नस आहे ते नावासह दिसते.

व्हिडिओ अडखळत चालतो, पंखा घरघरतो, तर संगणकाच्या प्रोसेसरवर ताण येत आहे. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इनपुट अँड कोडेक्स’ या भागात ‘हार्डवेअर अॅक्सिलरेटेड डिकोडिंग’ हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावा, मग हे काम ग्राफिक्स चिप उचलते. उलट चित्र हिरवे दिसत असेल किंवा चौकोन-चौकोन होत असतील, तर तोच पर्याय बंद करून पाहावा. बंद केल्यावरही डाग एकाच ठिकाणी येत असतील, तर फाइलचा तो तुकडा खरोखर खराब आहे. पेनड्राइव्ह किंवा जुन्या हार्डडिस्कवरून अडखळत असेल तर त्याच भागातली ‘फाइल कॅशिंग’ची वेळ थोडी वाढवावी.

मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरे दिसली, तर ‘सबटायटल्स’ विभागात एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ करावे आणि देवनागरी असलेला फाँट निवडावा, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी किंवा मंगल. पर्याय बदलून गोंधळ झालाच, तर ‘रिसेट प्रेफरन्सेस’ आहे.

व्हीसीडी उघडत नसेल तर तिच्यातील ‘एमपीईजीएव्ही’ हे फोल्डर पाहावे. त्यातल्या ‘डॅट’ फाइलमध्येच लग्न असते. ती व्हीएलसीत ओढून टाकली की बहुधा चालू लागते.

एका दुखण्यावर मात्र कोणताही कोडेक चालत नाही. मोबाइलवर चित्रण सुरू असताना बॅटरी संपली, तर एमपी४ डब्याची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, कारण मोबाइल ती सहसा शेवटी लिहितो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तशा पावसाळी रात्री चार्जिंग संपत आलेल्या मोबाइलवर पुराचे चित्रण करताना असे होऊ शकते. अशी फाइल खोडू नये. तिची एक प्रत जपून ठेवावी. त्याच मोबाइलवरचा दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून वापरून अनुक्रमणिका पुन्हा बांधणारी मुक्तस्रोत साधने आहेत.

अँजिओग्राफीच्या सीडीचे काय?

आता पुन्हा खरवईतल्या त्या टेबलाकडे. व्हीएलसी बसवला, अद्ययावत केला, तरी ती सीडी त्यात उघडणार नाही. अँजिओग्राफीत चित्रे हलतात, हृदयाच्या धमन्यांतून द्रव्य वाहताना दिसते, म्हणून तो व्हिडिओ वाटतो. पण तो नेहमीच्या डब्यात नसतो. वैद्यकीय प्रतिमांसाठी ‘डायकॉम’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८५ ची, हे नाव १९९३ चे. सीडीत ‘डायकॉमडिर’ नावाची फाइल आणि शेवटी कसलीच अक्षरे नसलेल्या क्रमांकांच्या फाइली दिसल्या, तर ती डायकॉम सीडी समजावी. ‘डायकॉमडिर’ ही तिची अनुक्रमणिका.

दाबण्याची रीतही निराळी. चित्रपटाचा कोडेक डोळ्याला न जाणवणारे तपशील सोडून देतो. धमनीतला अडथळा किती टक्के आहे, हे ठरवताना कोणता तपशील बिनमहत्त्वाचा, हे कोडेकने ठरवून चालणार नाही. म्हणून अँजिओग्राफीच्या सीडीवर चित्रे सहसा ‘लॉसलेस’ रीतीने, म्हणजे एकही ठिपका न गमावता दाबलेली असतात. जागा जास्त लागते, पण उलगडल्यावर मूळ चित्र जसेच्या तसे मिळते.

अशा सीडीवर बहुधा चित्रे पाहण्याचे छोटे सॉफ्टवेअरही दिलेले असते, पण ते साधारणपणे विंडोजसाठी असते. मॅकवर, लिनक्सवर किंवा मोबाइलवर ते चालत नाही. तिथेही मुक्तस्रोत उपाय आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात विकसित झालेले ‘वीसिस’ हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. ते त्याच्या अधिकृत पानावरून घ्यावे, त्यातून सीडीचे फोल्डर उघडावे, चित्रे दिसू लागतात.

सीडी घरी आली की चार गोष्टी कराव्यात. एक, त्याच दिवशी ती उघडते का ते पाहावे. खरोखर कोरी किंवा अर्धवट निघाली तर रुग्णालयाकडून दुसरी प्रत मागता येते, कारण मूळ चित्रे तिथल्या संगणकावर काही काळ ठेवलेली असतात. तपासणी पुन्हा करण्याचा विषय त्यानंतरचा. दोन, संपूर्ण सीडी, ‘डायकॉमडिर’सह, जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. निवडक फाइली घेतल्या तर अनुक्रमणिका तुटते. तीन, पडद्याचे मोबाइलवर चित्रण करून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ सल्ल्यासाठी पुरेसा मानू नये. तो वाटेत दोनदा दाबला गेलेला असतो. चार, ‘तुमची फाइल एमपी४ करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर ती चढवू नये. डायकॉम फाइलच्या आत रुग्णाचे नाव, वय, रुग्णालयाचा क्रमांक हे सगळे लिहिलेले असते. चित्राबरोबर तेही परक्या हाती जाते.

घरी चित्रे दिसली म्हणजे निदान कळले, असेही नाही. काळ्या-पांढऱ्या रेषांत कोणती अरुंद जागा महत्त्वाची, हे तज्ज्ञच सांगू शकतात. घरच्यांचे काम एवढेच, की ती चित्रे पूर्ण आणि न बिघडता त्यांच्यापर्यंत पोहोचावीत.

खरवईतल्या त्या घरात रात्री दहाच्या सुमारास पडद्यावर धमन्यांची झाडासारखी जाळी हलू लागते. कोणी काही बोलत नाही. मग काकू विचारतात, ‘‘म्हणजे सीडी बरी आहे ना?’’ पुतण्या मान हलवतो, सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवतो आणि सीडी, पेनड्राइव्ह व कागदी अहवाल एकाच पिशवीत घालून दाराजवळ ठेवतो. सकाळची लोकल चुकता कामा नये.